तासाभराच्या टँकमध्ये वॉटर पोलोची तयारी कशी करायची आणि अंग परत ताजं कसं करायचं

आपल्याकडं मराठवाड्यात वॉटर पोलो खेळणाऱ्या पोरापोरींचा पहिला प्रश्न स्टॅमिनाचा नसतो, पाण्याचा असतो. सकाळी टँकवर शिकाऊ बॅच, मग लेडीज बॅच, मग जनरल, त्यातून टीमला मिळणार काय तर तासभर, तोही कधी अर्ध्याच टँकमध्ये, आणि एखाद्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला की ऐन उन्हाळ्यात टँकच बंद. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तशा दिवसांत पोहायचा टँक भरा असं कुणी कुणाला म्हणणार नाही आणि म्हणूही नये. म्हणून पुण्या-मुंबईच्या क्लबचं शेड्यूल इथं जसंच्या तसं उचलून चालत नाही. उचललं की होतं काय, मिळालेल्या एका तासात स्विमिंग, पासिंग, शूटिंग, मॅच सगळं कोंबलं जातं, पोरं दमून बाहेर येतात, सगळ्यांना वाटतं लई भारी प्रॅक्टिस झाली, आणि थोड्याच दिवसांत एकेकाचा खांदा दुखायला लागतो. माझं म्हणणं सरळ आहे, पाण्यातला तास फक्त पाण्यातच होऊ शकणाऱ्या कामाला द्या, बाकीचं सगळं जमिनीवर करा, आणि झोप, जेवण, पाणी पिणं हे प्रॅक्टिसमध्येच धरा, उरलेल्या वेळेत करायची गोष्ट म्हणून नाही.

खेळ काय मागतो ते आधी बघा. एका बाजूला ७ जण, ६ खेळाडू आणि १ गोली. ८-८ मिनिटांचे ४ क्वार्टर, पण खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळं प्रत्यक्षात पाऊण ते एक तास पाण्यात जातो. गोली सोडला तर कुणी तळाला पाय टेकून खेळायचं नाही, दोन हातांनी बॉल धरायचा नाही, आणि ठरवून दिलेल्या सेकंदांच्या आत अटॅक संपवायचा. म्हणजे १०-१५ मीटर जीव तोडून पोहायचं, लगेच उभं राहून धरपकड करायची, बॉल गेला की उलटं फिरून परत तेवढंच पोहायचं, असं तासभर. म्हणून जो पोरगा १५०० मीटर आरामात पोहतो तो वॉटर पोलोत पहिल्याच क्वार्टरला गळून जाऊ शकतो, आणि तालमीत घाम गाळलेला पोरगा ज्याची फ्रीस्टाइल जेमतेम आहे तो सेंटरला, म्हणजे समोरच्यांच्या गोलपुढं, उभा राहून दोघांना झुलवतो. आपल्या भागात तालमी आहेत, कबड्डी आहे, ही पोरं टँकवर आणा असं मी प्रत्येक कोचला सांगत असतो. आणि हा खेळ आपला नाही असं कुणी म्हणलं तर सांगा की १९५१ च्या दिल्ली एशियन गेम्सला भारतानं वॉटर पोलोचं गोल्ड घेतलंय, १९७० ला बँकॉकमध्ये सिल्व्हर आणि १९८२ ला दिल्लीत ब्राँझ.

आधी पाय

वॉटर पोलोचं सगळं पायावर आहे. उभं पोहणं आपल्याकडं विहिरीत शिकलेल्या पोरांना येतंच, पण ते सायकल मारल्यासारखं असतं, त्यात माणूस वरखाली हलत राहतो आणि वर कुणी दाब दिला की बुडतो. खेळासाठी एगबीटर किक पाहिजे. त्यात दोन्ही पाय आळीपाळीनं गोल फिरतात, एक बाहेरून आत पाणी ओढत असतो तेव्हा दुसरा परत बाहेर जात असतो, म्हणून शरीर एका उंचीवर स्थिर राहतं. ब्रेस्टस्ट्रोकची किक येत असेल तर तीच एकेका पायानं मारायची असं समजा.

शिकायचं जमिनीवर. खुर्चीच्या किंवा टँकच्या अगदी काठावर बसा, पाठ सरळ, गुडघे खांद्यापेक्षा जास्त फाकलेले, पंजा वर ओढून बाहेर वळवलेला, आणि मांडी न हलवता फक्त गुडघ्याखालचा पाय गोल फिरवा. आधी एक, मग दुसरा, मग आळीपाळीनं. इथं घाई करू नका कारण पंजा सैल सोडायची सवय लागली की ती पाण्यात जाऊन सुटत नाही. मग पाण्यात, कठड्याला एका हातानं धरून. मग हात पाण्यात आडवे हलवत. मग हात पाण्यावर ठेवून, मग मनगटं बाहेर, मग कोपरं बाहेर, आणि शेवटी दोन्ही हात डोक्यावर. ३० सेकंद काम, ३० सेकंद आराम, असे ६ राउंड नवीन पोराला पुरेत. ज्याला हात वर करून हनुवटी पाण्याबाहेर ठेवून हे जमतं त्याच्या हातात वजन द्या, पाण्यानं भरलेली लिटरची बाटली चालते, मग दोन लिटरची. पण हनुवटी बुडायला लागली की वजन काढा, बुडत-बुडत मारलेली किक वाकडीच बसते.

हे सगळं खोल बाजूलाच करायचं. मॅचसाठी टँक किमान १.८ मीटर खोल पाहिजे आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या बऱ्याच टँकला एक बाजू साडेतीन-चार फूटच असते. तिथं प्रॅक्टिस केली की पोरं नकळत पाय टेकवतात आणि बाहेर स्पर्धेला गेल्यावर मग कळतं. टँकच्या मॅनेजरला भेटून सांगा की आम्हाला अख्खा टँक नको, शेवटच्या बॅचनंतर फक्त खोल बाजू अर्धा तास द्या. अशी मागणी सहसा कुणी नाकारत नाही.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर ते एगबीटरचं दुखणं आहे. बहुतेक वेळा कारण खुब्यात असतं. मांडी घालून बसणारी आपण माणसं, खुबा बाहेरच्या बाजूला छान मोकळा असतो, पण या किकला तो आतल्या बाजूलाही वळावा लागतो, तिथं तो अडला की तेवढा पीळ गुडघ्यावर येतो. जमिनीवर बसून एक पाय समोर नव्वद अंशात, दुसरा बाजूला नव्वद अंशात, आणि हळूहळू बाजू बदलायची, रोज पाच मिनिटं. आणि जांघेसाठी कोपनहेगन प्लँक, म्हणजे एका कुशीवर होऊन वरचा पाय बाकड्यावर टेकवायचा, कोपरावर अंग उचलायचं आणि मांडीच्या आतल्या स्नायूवर तोलायचं, सुरुवातीला गुडघा टेकवून १० सेकंद. जांघ ओढली गेली की वॉटर पोलोवाला महिना महिना बाहेर बसतो, त्यामुळं हा एक व्यायाम मी कुणाला टाळू देत नाही.

पोहणं आणि बॉल

पोहण्याचं म्हणाल तर लांब अंतर कमी, छोटे स्प्रिंट जास्त. डोकं वर ठेवून फ्रीस्टाइल, नजर समोर, कोपर उंच, स्ट्रोक छोटा. आणि भिंतीला लाथ मारून सुरुवात करायची नाही, मॅचमध्ये भिंत नसते. पाण्यात आडवं तरंगत थांबा, शिट्टी वाजली की १५ मीटर, जागेवर वळा, ५ मीटर परत, ४० सेकंद आराम. असे ८. यात डोकं सतत वर राहिल्यानं मान आणि कंबर भरून येते, म्हणून मध्ये मध्ये पाठीवर आरामात ५० मीटर टाका.

शॉटची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण खांदे इथंच जातात. जमिनीवर बॉल फेकताना पायाला आधार असतो, पाण्यात तो आधार एगबीटरनंच तयार करावा लागतो. क्रम असा, आधी पायांचा जोर लावून छाती वर, रिकाम्या हातानं पाण्यावर आधार, बॉलचं कोपर पाण्याच्या वर, मग कंबर फिरते, मग छाती, आणि सगळ्यात शेवटी हात. पाय दमले की हा क्रम मोडतो, अंग खाली राहतं, आणि पोरगा नुसत्या खांद्यानं बॉल ओढतो. म्हणून शूटिंग प्रॅक्टिस सेशनच्या शेवटी ठेवायची जी सवय आहे ती मला चुकीची वाटते. वॉर्मअप झाला की आधी शॉट, पाय ताजे असताना, आणि जोरात मारलेले शॉट मोजायचे. नवीन पोराला दिवसाला ३०-४० बास झाले, बाकीचे हळू, जागा बघून. दुसऱ्या दिवशी खांदा भरलेला असेल तर त्या दिवशी पासच करायचे. लक्षात घ्या, स्विमिंगमध्ये तोच खांदा आधीच शेकडो वेळा फिरलेला असतो, त्यावर हे शॉट येतात.

बॉल बरोबर साइजचा घ्या. पुरुषांसाठी ५ नंबर, घेर ६८ ते ७१ सेंटिमीटर, बायकांसाठी ४ नंबर, घेर ६५ ते ६७, आणि वजन ४०० ते ४५० ग्रॅम. बारक्या पोरांना त्याहून लहान. फुटबॉलवर दिवस काढू नका, ओल्या हातात तो सटकतो म्हणून पोरं तो मनगट वाकवून दाबून धरतात आणि तीच पकड कायमची बसते. गोलपोस्ट नसेल तर दोन ड्रम पाण्यात ३ मीटर अंतरावर बांधा, खऱ्या गोलची रुंदी तेवढीच असते, उंची पाण्यापासून ९० सेंटिमीटर.

जमिनीवरचं काम

टँक बंद असो नाहीतर चालू, हे वर्षभर चालतं. डिसेंबरात परभणीचा पारा एक अंकी झाला की गरम पाण्याची सोय नसलेल्या टँकमध्ये पहाटे उतरण्यात काही अर्थ नाही, ते दिवस याच कामाला द्या.

बैठका चांगल्याच आहेत, पायाला त्याहून स्वस्त व्यायाम नाही, पण त्यासोबत एका पायावरचं स्क्वॉट पण करा. दंड मात्र जपून. दंड, पुशअप, बेंच प्रेस हे सगळं छाती आणि खांद्याची पुढची बाजू वाढवतं, पोहणं आणि फेकणंही तेच करतं, मग मागची बाजू मागं पडते, खांदे पुढं वळतात आणि हात वर नेताना आत घासल्यासारखं दुखायला लागतं. म्हणून हिशेब असा ठेवा की ढकलायचा एक सेट केला तर ओढायचे दोन. ओढायचे म्हणजे पुलअप, रोइंग, दोरीवर चढणं, तालमीत मल्लखांबाचा दोर असेल तर उत्तम. व्यायामाच्या रबरी बँडला पैसे नसतील तर सायकलची जुनी ट्यूब कापून खिडकीच्या गजाला बांधा, कोपर बरगडीला चिकटवून ठेवा आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवा, १५-१५ चे ३ सेट, आठवड्यातून तीन-चारदा. दिसायला लई किरकोळ व्यायाम आहे आणि पोरं कंटाळतात, पण खांद्याचा ब्रेक मागच्या या छोट्या स्नायूंमध्ये आहे. त्यासोबत पालथं पडून हात वाय, टी आणि डब्ल्यू अक्षरासारखे उचलायचे. पोटासाठी प्लँक, आणि दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल घेऊन गुडघ्यावर बसून कंबर फिरवत भिंतीवर फेकायचा, म्हणजे पायांच्या मदतीशिवाय कंबरेतून जोर काढायची सवय होते.

टँक बंद असला की पोरं विहिरीवर जातात, मी नाही म्हणलं तरी जाणार आहेत, म्हणून सांगतो. एकटं जायचं नाही. काठावर पोहता येणारा माणूस आणि पाण्यात सोडलेला दोर असलाच पाहिजे, मोटारीचा करंट बंद केलेला पाहिजे, आणि वरून सूर मारायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याखाली श्वास कोण जास्त धरतो ही पैज विहिरीत, टँकमध्ये, कुठंच लावायची नाही. आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावा असं वाटतच नाही, तिकडं ऑक्सिजन संपत येतो आणि पोरगा कसलीही जाणीव न होता पाण्यात बेशुद्ध होतो. चांगले पट्टीचे पोहणारे यात गेलेत. वळवाच्या दिवसांत ढग गडगडला की लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही.

आठवडा कसा लावायचा

पाण्यातले पाच दिवस मिळतात असं धरू. सोमवारी एगबीटर आणि पासिंग, मंगळवारी स्प्रिंट आणि संध्याकाळी जमिनीवरचं पायाचं काम, बुधवार हलका, नुसतं बॉल हाताळणं आणि स्ट्रेचिंग. गुरुवारी धरपकड, सेंटर विरुद्ध डिफेंडर, २०-२० सेकंदांचे राउंड, हा सगळ्यात जड दिवस. शुक्रवारी पाण्यातून सुट्टी, जमिनीवर ओढायचे व्यायाम. शनिवारी आधी शूटिंग मग मॅच. रविवारी काही नाही, आणि काही नाही म्हणजे क्रिकेटची टूर्नामेंटपण नाही.

प्रत्येकानं एक वही ठेवायची. सेशन संपल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं, आज १० पैकी किती जड गेलं, आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ६० मिनिटं आणि ७ म्हणजे ४२०. आठवड्याची बेरीज करायची. शेजारी झोपेचे तास आणि सकाळी उठल्यावर अंग कसं वाटलं ते एका शब्दात. बेरीज एकदम वाढलेली आणि झोप घटलेली दिसली की पुढचा आठवडा कोचनं स्वतःहून हलका करायचा. पोरं स्वतः सांगत नाहीत, टीममधून काढतील ही भीती असते, म्हणून वही कोचनं बघायची आणि वहीवरून कुणाला रागवायचं नाही.

झोप, पाणी, जेवण

झोपेला पर्याय नाही, कुठलीही पावडर, कुठलाही मसाज तिची जागा घेत नाही. वाढत्या वयातल्या पोराला ८ ते १० तास पाहिजेत. पहाटे साडेपाचची बॅच असेल तर नऊला आडवं व्हावं लागतं, आणि मे महिन्यात घरात पत्रे तापलेले, लाइट गेलेली, अशात नऊला झोप येत नाही हे मला माहितीये. गच्चीवर पाणी मारून झोपा, मच्छरदाणी लावा, मोबाइल खालीच ठेवा, आणि दुपारी अर्धा-पाऊण तास डोळा लावा. शाळा-कॉलेजची परीक्षा असेल त्या आठवड्यात पहाटेची बॅच मी बंद ठेवा म्हणतो, जागरण करून आलेला पोरगा पाण्यात शिकत काहीच नाही, फक्त दुखापत घेऊन जातो.

पाण्यात घाम येत नाही हा लई मोठा गैरसमज आहे. घाम येतो, फक्त दिसत नाही. सेशनच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी झालं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी प्यायचं, एका दमात नाही. वजन उलट वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. बाहेर ४२ डिग्री असताना नुसतं पाणी पुरत नाही, मीठ पण जातं, त्याला आपल्याकडं सोपं औषध आहे, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचंच असतं, ते अख्खं एक लिटरमध्ये टाका, ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट असा अंदाज करू नका.

जेवणात आपल्याकडं भाकरी, भात, गूळ यामुळं ताकदीचं इंधन मिळतं, प्रोटीन कमी पडतं. जोरात ट्रेनिंग करणाऱ्याला किलोमागं १.६ ते २ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या पोराला दिवसाला कमीत कमी ९६ ग्रॅम. ऐकायला जास्त वाटतं, हिशेब लावून बघा. ४ अंडी म्हणजे २४, अर्धा लिटर दूध १६, कोरडी ५० ग्रॅम सोयाबीन वडी २६, तीन भाकरी साधारण २२, वाटीभर घट्ट वरण ८, झाले ९६. अंडी न खाणाऱ्यानं तेवढ्याला भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, पिठलं, दही वाढवायचं. मराठवाड्यात सोयाबीन शेतात उभं असतं आणि वडी मात्र घरात येत नाही, ती आणा. सेशन संपल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलं पाहिजे, टँकवरून घर लांब असेल तर पिशवीत दोन केळी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवा. अर्धापूरकडं केळी, जालन्याकडं मोसंबी, उन्हाळ्यात केसर आंबा, आपल्याकडं फळाला तोटा नाही. सेशनच्या आधी मात्र हलकं, सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा) किंवा पोहे दीड-दोन तास आधी, तळलेलं नको.

उपवास करणारे असतात, रोजे धरणारे असतात, दोघांचाही मान ठेवून शेड्यूल लावायचं. रोज्यात जड सेशन इफ्तारनंतर तासा-दीड तासानं, आणि दिवसा फार तर हलकं स्ट्रेचिंग, उन्हात काही नाही. उपवासाला नुसती साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर प्रोटीन जवळजवळ काहीच मिळत नाही, सोबत दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा घ्या, आणि निर्जळी उपवासाच्या दिवशी पाण्यात उतरू नका.

पोरींसाठी एक वेगळं सांगायचंय आणि हे आईबापांनी पण वाचावं. दम लागतो, पाय जड होतात, आधीसारखं पोहणं होत नाही, तर आधी हिमोग्लोबिन तपासा, आळशी झाली म्हणू नका. जेवणाबरोबर चहा प्यायल्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, चहा तासभर पुढं-मागं घ्या, आणि पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळा. पाळी तीन महिने आली नाही तर ते खेळामुळं होतं म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं आणि त्यानं पुढं हाडं ठिसूळ होतात.

दुखणं आलं तर

प्रॅक्टिस संपली की २०० मीटर आरामात पोहून बाहेर या, गप्पा मारत काठाला लटकू नका. बर्फाच्या पाण्यात बसायची फॅशन आलीय, ते १० ते १५ डिग्रीच्या पाण्यात १० मिनिटं, स्पर्धेत लागोपाठ मॅच असतील तेव्हा उपयोगी पडतं, पण ताकदीचा व्यायाम केला त्या दिवशी टाळा, स्नायू वाढायची प्रक्रिया त्यानं मंदावते. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच उकळतं येतं, तर माठातल्या पाण्यात टॉवेल भिजवून मानेवर, काखेत ठेवा, अंगातली गरमी उतरवायला तेवढं चालतं.

खांद्याचा नियम असा, १० पैकी ३ पर्यंत दुखणं आणि सकाळपर्यंत गेलं तर चालू ठेवा, फक्त शॉट कमी. त्याहून जास्त, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, किंवा केस विंचरायला हात वर जात नाही, तर फेकणं बंद आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. बंद म्हणजे टँक बंद नाही, त्या काळात पायाचं काम दुप्पट करून घ्या. गोळी खाऊन मॅच खेळवायची नाही, गोळीनं दुखणं झाकलं जातं आणि आतलं फाटत जातं. जिममधली बिनलेबलची पावडर तर नकोच, नॅशनल लेव्हलला नाडाची, म्हणजे डोपिंग रोखणाऱ्या सरकारी संस्थेची, टेस्ट होऊ शकते आणि त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. डोक्याला कोपर लागून पोरगा गोंधळला, उलटी झाली, डोकं धरून बसला तर त्या दिवशी परत पाण्यात नाही, तो कितीही म्हणला मी ठीक आहे तरी, आणि डॉक्टरनं बघितल्याशिवाय पुढंही नाही.

कानात तेल घालायची आपल्याकडची सवय सोडा. पोहणाऱ्याच्या ओल्या कानात तेल गेलं की ओल आतच राहते आणि जंतू वाढतात. डोकं एका बाजूला कलतं करून पाणी काढा, टॉवेलच्या टोकानं बाहेरून पुसा, काडी घालू नका. कान ओढल्यावर दुखायलंय किंवा पाणी यायलंय तर डॉक्टर. कॅपला कानाचं कव्हर असतं ते प्रॅक्टिसला पण घाला, कानावर चापट बसली तर पडदा फाटतो. अंगाला तेल लावून उतरायचं नाही, क्लोरीनपासून वाचावं म्हणून आई खोबरेल चोपडून पाठवते, पण मॅचला अंगावर तेल चालतच नाही, आणि रेफरी हातापायाची नखंही तपासतो. तेल अंघोळीनंतर लावा.

स्पर्धेला निघताना

शेवटच्या आठवड्यात सेशनची लांबी निम्मी करा, जोर तोच ठेवा. स्प्रिंट कमी पण पूर्ण ताकदीचे, जमिनीवरचं जड काम चार दिवस आधी बंद, नवीन डाव शिकवणं बंद. नांदेडहून नंदीग्राम किंवा देवगिरीनं रात्रभर बसून मुंबईला उतरायचं आणि त्याच दिवशी मॅच, असं शक्यतो करू नका, एक दिवस आधी पोचा. रिझर्व्हेशन मिळालं नाही तर निदान गोली आणि सेंटरला तरी आडवं झोपायला बर्थ द्या. डब्यात घरचं न्या, धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकतात, स्टेशनवरच्या वड्यावर मॅच खेळू नका. दोन मॅचच्या मध्ये चार तास असतील तर लगेच केळी आणि ताक, मग भात-वरण, मग अर्धा तास आडवं, आणि ओल्या कॉस्च्युमवर बसून राहायचं नाही. परत आल्यावर दोन दिवस बॉलला हात नाही, फक्त आरामात पोहणं आणि ट्यूबचे व्यायाम, आणि तिसऱ्या दिवशी ज्याचा खांदा अजून भरलेला आहे त्याचं नाव वहीत लिहून त्याला पायाच्या कामाला लावा.